बीजांडाच्या दोन तहकुब्या आणि माजाची वेळ

गाय अगर म्हैस माजावर आली, तिला भरविली आणि एकवीस दिवसांनी ती पुन्हा उलटली, म्हणजे दोष देण्याच्या जागा आपल्याकडे ठरलेल्या आहेत. वळू असेल तर वळूचा दोष, कृत्रिम रेतन केले असेल तर डॉक्टरांचा अगर त्यांच्या रेतकांडीचा दोष, तेही न पटल्यास चाऱ्याचा, आणि अखेरीस जनावराच्या नशिबाचा. ह्यांपैकी एकही कारण सर्वस्वी खोटे नाही. परंतु ज्या वस्तूवाचून वासरू होणेच नाही, त्या मादीच्या बीजाकडे, म्हणजे बीजांडाकडे, बहुधा कोणाचे लक्ष जात नाही. बीजांड हे कोंबडीच्या अंड्याप्रमाणे डोळ्यांस दिसत नाही, म्हणून त्याचे काही वेळापत्रक असेल अशी शंकाही मनात येत नाही. वस्तुतः त्याचे वेळापत्रक फार कडक आहे. आणि ते ज्यास समजले त्यास माज केव्हा पाहावा व जनावर केव्हा भरवावे हे निराळे शिकवावे लागत नाही.

एक माज फुकट गेला म्हणजे एकवीस दिवसांचा चारा, पेंड आणि मजुरी भाकड जनावरावर खर्ची पडली. तीन माज गेले म्हणजे त्रेसष्ट दिवस गेले. हा हिशेब ज्याने त्याने आपल्या घरच्या दराने मांडून पाहावा. ह्याहून वाईट गोष्ट अशी की, चांगल्या जातीची तरुण कालवड तीन-चार वेळा उलटली म्हणजे तिला वांझ ठरवून बाजार दाखविण्यात येतो. तीत खरोखर वांझ किती आणि केवळ वेळ चुकल्यामुळे रिकाम्या राहिलेल्या किती, ह्याची चौकशी सहसा होत नाही. तेव्हा बीजांड कसे पिकते ह्याचे विवेचन ह्या लेखात थोडे विस्ताराने करण्याचे योजिले आहे. विषय सूक्ष्म आहे. तथापि फेरफार, हरकत, तहकुबी आणि वाटणी हे शब्द ज्यांच्या नित्य परिचयाचे आहेत, त्या खातेदार वाचकांस तो कठीण वाटू नये.

प्रथम बीजांडाच्या वयाविषयी. आज गोठ्यात उभ्या असलेल्या गाईच्या बीजकोशात जी बीजांडे आहेत, ती सर्व ती गाय आपल्या आईच्या पोटात असतानाच तयार झालेली आहेत. बैलाच्या अगर वळूच्या शरीरात रेत रोज नवे तयार होते, तसे मादीचे नाही. कालवड जन्मते तेव्हाच तिच्या दोन्ही बीजकोशांत मिळून बीजांडांची संख्या लाखाच्या घरात असते, आणि त्यानंतर ती केवळ घटत जाते. म्हणजे सहा वर्षांच्या गाईचे बीजांड हे सहा वर्षांहून अधिक वयाचे होय. गाभण गाईस पहिल्या तीन महिन्यांत अर्धपोटी ठेवल्यास तिला होणाऱ्या कालवडीच्या बीजकोशातील बीजपुटकांची संख्या कमी भरते, असे प्रयोगांती दिसून आले आहे. गाईची हयगय केली तर ती नातीपर्यंत पोचते, ही गोष्ट गाभण जनावरास 'दूध देत नाही' म्हणून कडब्यावर ठेवणारांनी ध्यानात घ्यावी.

आता पेशीची वाटणी कशी होते ते पाहू. शरीरातील कोणतीही सामान्य पेशी दोन होते तेव्हा ती आधी वाढते, मग आपल्या केंद्रकातील गुणसूत्रांची, म्हणजे वंशाच्या दप्तराची, हुबेहूब दुसरी प्रत काढते, प्रत बरोबर उतरली की नाही हे तपासते आणि मग दोन्ही भागांस एकेक पूर्ण प्रत देऊन विभागते. ह्या क्रमास पेशीचक्र म्हणतात. बीजांडाचे तसे करून भागत नाही. गाईच्या प्रत्येक पेशीत ६० गुणसूत्रे असतात, आपल्याकडील म्हशीत ५०. बीजांडानेही ६० व रेताच्या जंतूनेही ६० आणली तर वासरात १२० होतील. म्हणून बीजांडास आपली गुणसूत्रे निम्मी, म्हणजे गाईत ३० व म्हशीत २५, करावी लागतात. (गाय व म्हैस ह्यांचा संकर होत नाही, ह्याच्या कारणांपैकी हा संख्याभेद एक आहे.) त्यासाठी बीजांड दप्तराची प्रत एकदाच काढते, आणि मध्ये दुसरी प्रत न काढता लागोपाठ दोन वाटण्या करते.

ह्या वाटण्याही न्याय्य नसतात. दोन भावांपैकी एकास सारे शेत, विहीर व घर मिळावे आणि दुसऱ्याच्या हाती नुसता उतारा पडावा, तसा हा प्रकार आहे. प्रत्येक वाटणीत निम्मी गुणसूत्रे एका चिमुकल्या तुकड्यात घालून बाहेर टाकली जातात. त्या तुकड्यास ध्रुवपिंड म्हणतात, व तो पुढे नाश पावतो. सारे खाद्य, सारा जीवनरस बीजांड आपल्यापाशीच ठेवते. भावी गर्भाची पहिल्या काही दिवसांची शिदोरी तीच असल्यामुळे तिचे तुकडे करून चालत नाही. पिकलेले बीजांड एका मिलिमीटरच्या सुमारे आठव्या भागाइतके, म्हणजे खसखशीच्या दाण्याहूनही पुष्कळ लहान असते. परंतु शरीरातील इतर पेशींच्या मानाने ते मोठे जमीनदारच म्हणावे लागेल.

ह्या दोन वाटण्या एका दमात होत नाहीत. प्रकरण दोन ठिकाणी तहकूब राहते, आणि ह्या दोन तहकुब्यांचे स्वरूप एकमेकींहून अगदी भिन्न आहे.

पहिली तहकुबी जन्माच्या आधीच लागते. कालवड पोटात असतानाच बीजांड दप्तराची प्रत काढून पहिल्या वाटणीस सुरुवात करते, गुणसूत्रांच्या जोड्या जुळविते आणि तेथेच थांबते. जनावर वयात येईपर्यंत, आणि त्यापुढेही त्या त्या बीजांडाची पाळी येईपर्यंत, हे प्रकरण तसेच पडून राहते. कोणाचे दोन वर्षे, कोणाचे दहा वर्षे. ही तहकुबी कोण देतो, हा प्रश्न शास्त्रज्ञांस पुष्कळ काळ पडला होता. १९३५ साली अमेरिकेत पिंकस व एन्झमन ह्या दोघांनी सशाची बीजांडे त्यांच्या पुटकांतून बाहेर काढून ठेविली, तेव्हा ती कोणीही न सांगता आपोआप पुढे पिकू लागली. ह्यावरून असे सिद्ध झाले की, बीजांड स्वतः थांबलेले नसून त्यास थांबवून धरलेले असते, आणि धरणारा पुटकातच आहे. बीजांड ज्या पाण्याच्या फोडासारख्या पिशवीत राहते तिला पुटक म्हणतात. तिच्या भिंतीच्या पेशी बीजांडाशी बारीक वाटांनी जोडलेल्या असतात. त्या वाटांनी सायक्लिक जीएमपी नावाचे एक द्रव्य बीजांडात सतत झिरपत असते. त्याच्या योगाने बीजांडातील सायक्लिक एएमपी हे दुसरे द्रव्य नाश न पावता भरपूर राहते, आणि ते जोवर भरपूर आहे तोवर वाटणीचा हुकूम सुटत नाही.

हा हुकूम म्हणजे काय, ह्याचा शोध बेडकाच्या बीजांडात लागला. योशिओ मासुई ह्या जपानी शास्त्रज्ञाने अमेरिकेत मार्कर्ट ह्यांच्याबरोबर केलेले काम १९७१ साली प्रसिद्ध केले. पिकलेल्या बीजांडातील थोडासा रस सुईने काढून त्यांनी कच्च्या बीजांडात घातला, आणि ते कच्चे बीजांड पिकू लागले. त्या रसात जे काही होते त्यास त्यांनी परिपक्वताकारक घटक असे नाव दिले. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्यास एमपीएफ म्हणतात. पुढे १९८२ साली टिम हंट ह्यांस समुद्रातील साळूच्या अंड्यांत एक असे प्रथिन आढळले की, जे प्रत्येक वाटणीच्या आधी साचत जाते व वाटणी होताच एकाएकी नाहीसे होते. त्याचे नाव सायक्लीन. यीस्ट अथवा किण्व ह्या साध्या बुरशीवर काम करणारे हार्टवेल व नर्स ह्यांनी शोधलेली नियंत्रक जनुके, हंट ह्यांचे सायक्लीन आणि मासुई ह्यांचा घटक, हे सारे एकाच यंत्राचे भाग ठरले. २००१ सालचे नोबेल पारितोषिक हार्टवेल, हंट व नर्स ह्या तिघांस मिळाले. मासुई ह्यांचे नाव त्यात नव्हते. ज्याने दार उघडले त्याचे नाव पाटीवर नसावे, ही गोष्ट प्रस्तुत लेखकास तरी रुचत नाही, असो.

ते यंत्र कचेरीच्या भाषेत असे सांगता येईल. सीडीके नावाचे एक प्रथिन हा कारकून. तो बीजांडात नेहमी हजर असतो, परंतु मोकळ्या हाताने त्यास काही करता येत नाही. सायक्लीन हा मुद्रांकाचा कागद. कागद आला म्हणजे कारकून लिहू शकतो, आणि दोन्ही मिळून एमपीएफ होते. पण कागद व कारकून दोन्ही हजर असूनही फेरफार मंजूर होईलच असे नाही, कारण त्यावर हरकत नोंदलेली असू शकते. बीजांडात तेच होते. वी नावाची प्रथिने कारकुनावर स्फुरदाचा एक कण चिकटवून त्याचे हात बांधतात, ही हरकत. सीडीसी-२५ नावाचे प्रथिन तो कण काढून घेते. ही हरकतीची निकाली. सायक्लिक एएमपी भरपूर असेतोवर हरकत घेणारे जोरात असतात व ती काढणारे दबलेले असतात. पहिल्या तहकुबीचे मर्म एवढेच: कारकून आहे, थोडाबहुत कागदही आहे, पण हरकत कायम आहे.

ही हरकत उठते ती माजाच्या दिवशी. माजाच्या आरंभाच्या सुमारास मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून एलएच नावाच्या संप्रेरकाचा एकच मोठा लोंढा रक्तात येतो. तो थेट बीजांडास काही सांगत नाही. तो पुटकाच्या भिंतीस सांगतो, आणि भिंत बीजांडाकडे जाणाऱ्या त्या बारीक वाटा बंद करते. सायक्लिक जीएमपीचा पुरवठा तुटतो, सायक्लिक एएमपी खाली येते, हरकत उठते आणि एमपीएफ जागे होते. ह्या क्षणापासून घड्याळ चालू झाले असे समजावे.

गाईच्या बीजांडातील तास साधारणतः असे मोजले गेले आहेत. लोंढा आल्यापासून सुमारे ६ ते ८ तासांत केंद्रकाचे आवरण विरून जाते. १२ ते १५ तासांच्या सुमारास गुणसूत्रांच्या जोड्या बीजांडातील तर्कूवर, म्हणजे सूक्ष्म तंतूंच्या चातीवर, ओळीने येतात. मग मुद्रांकाचा कागद रद्द करणारी प्रथिने आपले काम करतात, सायक्लीन उतरते, जोड्या सुटतात व पहिले ध्रुवपिंड बाहेर पडते. लगेच सायक्लीन पुन्हा साचते, दुसरी चाती उभी राहते, आणि २० ते २४ तासांच्या सुमारास बीजांड दुसऱ्या तहकुबीपाशी येऊन थांबते. त्यानंतर काही तासांनी पुटक फुटून बीजांड बीजवाहिनीत उतरते. माजाच्या आरंभापासून मोजल्यास ही वेळ सुमारे २४ ते ३२ तासांची, आणि माज संपल्यापासून मोजल्यास सुमारे १० ते १४ तासांची होते. ह्याचा अर्थ असा की, गाय दुसरीच्या अंगावर चढत असते, हंबरत असते, तेव्हा तिचे बीजांड अद्याप कच्चे असते. माजाचा गाजावाजा संपतो आणि त्यानंतर बीज उतरते. बाहेरचा देखावा व आतले काम ह्यांत हे जे अंतर आहे, तेच पुष्कळांस फसविते.

दुसऱ्या तहकुबीचे मर्म पहिलीच्या अगदी उलट आहे. पहिलीत हुकूम सुटलेलाच नसतो. दुसरीत हुकूम सुटलेला असतो, एमपीएफ पूर्ण जोरात असते, गुणसूत्रे चातीवर ताणून उभी असतात. केवळ कागद रद्द करणारास अडवून धरलेले असते. अडविणाऱ्या मुख्य प्रथिनाचे नाव ईएमआय-२. आणि मॉस नावाचे दुसरे एक प्रथिन त्यास बळ देते. ह्या अडवणुकीचा अस्तित्वपुरावाही मासुई व मार्कर्ट ह्यांनीच १९७१ साली दिला होता. गोठ्यात बांधलेला बैल महिनोन् महिने स्वस्थ उभा राहील; पण जुंपून, कासरा खेचून धरलेला बैल किती वेळ उभा राहणार? पहिली तहकुबी वर्षानुवर्षे टिकते आणि दुसरी काही तासच टिकते, ह्याचे कारण हे आहे. दुसऱ्या तहकुबीत बीजांडास सायक्लीन सारखे नवे करीत राहावे लागते, चाती ताणून ठेवावी लागते, आणि शिदोरी तर ठरलेलीच असते.

ही तहकुबी उठविण्याचा अधिकार रेताच्या जंतूस आहे. तो बीजांडात शिरतो तेव्हा आपल्याबरोबर एक प्रथिन आणतो. त्याचे नाव पीएलसी-झीटा असून ते २००२ साली ओळखले गेले. त्याच्या योगाने बीजांडाच्या आतील साठ्यांतून चुना, म्हणजे कॅल्शियम, लाटांमागून लाटा असे सुटते. ह्या लाटांनी ईएमआय-२ नष्ट होते, कागद रद्द होतो, दुसरे ध्रुवपिंड बाहेर पडते आणि गर्भाचे पेशीचक्र सुरू होते. येथे एक खुलासा केला पाहिजे. हे कॅल्शियम बीजांडाच्या पोटातले आहे. दुकानातून आणलेले कॅल्शियम भरविण्याच्या दिवशी पाजल्याने ह्या लाटा उठत नाहीत. दुभत्या जनावरास क्षारमिश्रण नित्य द्यावे हे खरे. पण ते त्याच्या दुधासाठी, हाडांसाठी व एकंदर प्रकृतीसाठी.

जंतू वेळेवर आला नाही तर काय होते? बीजांड वाट पाहते, पण वाट पाहता पाहता त्याचे एमपीएफ ओसरू लागते, अडवणूक ढिली पडते, चातीवरील गुणसूत्रे विस्कटतात. अशा शिळ्या बीजांडात एकाऐवजी दोन जंतू शिरण्याचा संभव वाढतो, अथवा जंतू न येताच ते अर्धवट चालू लागून विरून जाते. कधी गर्भ धरतोही, परंतु गुणसूत्रांचा हिशेब चुकलेला असल्यामुळे थोड्याच दिवसांत जिरतो. गाईचे बीजांड उतरल्यापासून सुमारे ८ ते १२ तासच कामाचे असते, आणि त्यातही पहिले काही तास उत्तम. उलटपक्षी रेताच्या जंतूंसही गर्भाशयात पोचल्याबरोबर बीजांड भेदता येत नाही. त्यासाठी सुमारे सहा तास मादीच्या अंगात मुरावे लागते. मुरल्यावरही ते फार काळ टिकत नाहीत. गोठविलेल्या रेतातले तर त्याहून कमी. म्हणून फार लवकर भरविल्यास जंतू थकतात, फार उशिरा भरविल्यास बीजांड शिळे होते.

ह्या दोन्ही मर्यादांच्या मधली जागा कोणती, हे अमेरिकेतील नेब्रास्का संस्थानात ट्रिम्बर्गर ह्यांनी १९४० च्या दशकात प्रत्यक्ष गाई भरवून पाहून ठरविले, आणि त्यावरून जो नियम निघाला तो आजही सर्वत्र सांगितला जातो: सकाळी माज दिसला तर त्याच दिवशी सायंकाळी भरवावे, सायंकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी भरवावे. त्या काळी एमपीएफ अगर सायक्लीन ही नावेही कोणास ठाऊक नव्हती. नियम गोठ्यातून आला, आणि त्याचे कारण तीस-चाळीस वर्षांनी बेडकाच्या व समुद्रसाळूच्या अंड्यांतून कळले.

हा नियम पाळण्यास एकच गोष्ट आवश्यक आहे, ती म्हणजे माज केव्हा सुरू झाला हे ठाऊक असणे. आपल्याकडे होते असे की, गाय रात्रीच माजावर येते, सकाळी गुराख्याबरोबर रानात जाते, सायंकाळी कोणाच्या तरी लक्षात येते आणि डॉक्टरांस निरोप तिसऱ्या प्रहरी दुसऱ्या दिवशी जातो. तोवर बीजांड उतरून शिळेही झालेले असते. मेडशी, मालेगाव, पातूर ह्या बाजूस पशुवैद्यकीय दवाखाना गावोगाव नाही. मध्ये घाट व रान आहे. रेतन करणारास यावयास वेळ लागतो हे खरेच. म्हणूनच निरोप माज दिसताच गेला पाहिजे, माज जोरात येण्याची वाट पाहू नये. उरळीकांचन येथे मणिभाई देसाई ह्यांनी १९६७ साली स्थापन केलेल्या बाएफ संस्थेने दारापर्यंत रेतनाची सोय नेण्याची जी पद्धत घातली, तिचा सारा उपयोग दारातील मनुष्याच्या नजरेवर अवलंबून आहे. जनावर दुसऱ्यास अंगावर चढू देऊन स्थिर उभे राहते, हे माजाचे सर्वांत खात्रीचे चिन्ह होय. काचेसारखा स्वच्छ चिकट सोट, ओरडणे, दूध चोरणे, चारा कमी खाणे ही पूरक चिन्हे.

म्हशीची गोष्ट अधिक कठीण. नागपुरी म्हैस काय किंवा पूर्णाकाठची पूर्णाथडी काय, म्हशींत मुका माज पुष्कळ असतो. एकमेकींवर चढणे कमी; चिन्हे बहुधा रात्री व पहाटे; वारंवार थोडे थोडे मुतणे, सड ताठणे, सोट बसल्यावर गळणे, एवढ्यावरच ओळखावे लागते. बीज उतरण्याची वेळही म्हशीत गाईइतकी नेमकी नसते. म्हणून म्हशीस पहाटे उठून पाहिल्यावाचून गत्यंतर नाही, आणि माज दुसऱ्या दिवशीही कायम दिसल्यास पुन्हा एकदा भरविण्याविषयी डॉक्टरांस विचारावे. वळू-रेडा कळपात असे तेव्हा हे काम तो करीत असे. तो गेल्यापासून ते मालकाच्या अंगावर आले आहे.

हे घड्याळ मनुष्यमात्रासही लागू आहे. इंग्लंडात एडवर्ड्‌स ह्यांनी १९६० च्या दशकात उंदीर, गाय, डुक्कर व स्त्री ह्यांची बीजांडे बाहेर काढून ती किती तासांत पिकतात हे मोजले होते. पुढे स्टेप्टो ह्यांच्यासह त्यांनी जे पहिले यश मिळविले, आणि ज्यातून १९७८ च्या जुलैत शरीराबाहेर फलन झालेले जगातील पहिले मूल जन्मले, त्यात त्या स्त्रीच्या मूत्रातील एलएचची चढती तासातासांनी पाहून बीजांड काढण्याची वेळ ठरविली होती. आपल्याकडे मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा व परळच्या प्रजनन-संशोधन संस्थेचे डॉ. आनंदकुमार ह्यांच्या प्रयत्नांनी ६ ऑगस्ट १९८६ रोजी अशी कन्या जन्मास आली. म्हशीत हाच मार्ग कर्नाल येथील राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेने १९९० साली यशस्वी केला. तेथे जन्मलेल्या पारडाचे नाव 'प्रथम' ठेविले होते. प्रयोगशाळेत गाई-म्हशींची कच्ची बीजांडे जनावराच्या अंगाइतक्या उबेत, म्हणजे सुमारे ३८.५ अंश उष्णतेत, एक दिवसभर पिकवून मगच त्यांत रेत सोडतात. तो एक दिवस टाळता येत नाही. त्याच संस्थेने २००९ साली 'गरिमा' ही प्रतिरूप पारडी निर्माण केली. त्या रीतीत दुसऱ्या तहकुबीत थांबलेल्या बीजांडातील गुणसूत्रे काढून त्यात दुसऱ्या पेशीचे केंद्रक बसवितात, आणि जंतूचे तहकुबी उठविण्याचे काम माणसास कृत्रिम रीतीने करावे लागते.

माज न दाखविणाऱ्या जनावरांसाठी डॉक्टर हल्ली इंजेक्शनांचा ठरावीक क्रम देतात. पहिले इंजेक्शन, सातव्या दिवशी दुसरे, त्यानंतर दोन दिवसांनी तिसरे, आणि तिसऱ्यापासून साधारण १६ ते २० तासांनी रेतन. तिसऱ्या इंजेक्शनाने एलएचचा तोच लोंढा हव्या त्या वेळी आणविला जातो. घड्याळाची किल्लीच आपल्या हाती आली, म्हणून रेतनाची वेळ आधी ठरविता येते. मात्र ठरलेली वेळ टळू देऊन 'उद्या पाहू' म्हटल्यास तिन्ही इंजेक्शनांचा खर्च वाया जातो.

आता आपल्या प्रांतीचा खास विषय, म्हणजे उन्हाळा. वऱ्हाडातील वैशाखात जनावराच्या अंगाची उष्णता छायेवाचून सहज वाढते. प्रयोगशाळेत गाईची बीजांडे ३८.५ ऐवजी ४१ अंशांवर पिकविली असता त्यांपैकी पुष्कळशी वाटणी नीट पुरी करीत नाहीत, व फलन झाले तरी त्यांचे गर्भ कमी धरतात, असे आढळले आहे. पण एवढ्यावर हा विषय संपत नाही. पुटकाची वाढ ही माजाच्या दिवसाची गोष्ट नसून ती कित्येक आठवड्यांची, सुरुवातीपासून धरल्यास तीन महिन्यांहून अधिक काळाची आहे. बीजांड आपली शिदोरी ह्याच काळात भरते. म्हणून ज्येष्ठात भाजलेले बीजांड आश्विनात उतरू शकते. इस्रायल देशात ह्याचा अभ्यास झाला असून, हवा थंड झाल्यावरही गाईंचे फळणे काही आठवडे कमीच राहते असे तेथे दिसले. आपल्याकडे पाऊस पडून चारा हिरवा झाल्यावरही जनावरे उलटतात, तेव्हा 'आता तर सर्व आहे, मग का?' असा प्रश्न पडतो. त्याच्या उत्तराचा एक भाग चैत्र-वैशाखातील गोठ्यात शोधावा. दुपारी दाट सावली, दिवसातून अनेक वेळा गार पाणी, म्हशीस डुंबण्यास जागा अगर अंगावर पाण्याच्या बादल्या, वैरण पहाटे व रात्री. हे दुधासाठी करतातच, ते भाकड जनावरांसही करावे. आपल्याकडे सावलीच्या जागेचा पहिला मान दुभत्याचा असतो आणि भाकड म्हैस उन्हात बांधली जाते. पुढचे वासरू तिच्यातच आहे.

येथवर वाचून उलटण्याचे कारण केवळ वेळ हेच आहे असा कोणी समज करून घेऊ नये. गर्भाशयाचा दाह, पोटातील जंत, क्षारांचा तुटवडा, व्याल्यावर जार अडकल्याचे मागचे दुखणे, कालवडीची अपुरी वाढ ही कारणे आहेतच. सोट स्वच्छ नसून गढूळ अगर पूसारखा असल्यास त्या माजास भरवूच नये, आधी उपचार करावा. शिवाय फलन होऊनही गर्भ सोळाव्या दिवसाच्या आत जिरला तर गाय बरोबर एकवीस दिवसांनीच माजावर येते, आणि बाहेरून ते फलन न झाल्यासारखेच दिसते. वेळ नीट पाळूनही जनावर तीन वेळा उलटले, तर चौथ्यांदा भरविण्याच्या आधी डॉक्टरांकडून गर्भाशय तपासून घ्यावे. भरविल्यावर जनावरास उभेच ठेवणे, पाठीवर थापट्या मारणे इत्यादि उपचारांचा बीजांडाच्या घड्याळावर काही परिणाम होत नाही.

नोंद ठेवण्यास वेगळे दप्तर नको. भिंतीवरील दिनदर्शिका पुरे. जनावराचे नाव, माज प्रथम दिसल्याची तारीख व प्रहर, भरविल्याची तारीख व प्रहर, एवढे लिहावे, आणि अठराव्या दिवसापासून पहाटे व रात्री पाहणी सुरू करावी. पुष्कळ गाईंत, विशेषतः कालवडींत, माज संपून एक-दोन दिवसांनी सोटात थोडे रक्त दिसते. ह्यास घाबरण्याचे कारण नाही. तो गर्भ राहिल्याचा अथवा पडल्याचा पुरावाही नव्हे. माज होऊन गेला एवढेच त्यावरून समजते. माज आपल्या नजरेतून सुटला असेल आणि असे रक्त दिसले, तर त्या दिवशी डॉक्टरांस बोलावून उपयोग नाही, कारण बीजांडाचे तास उलटून गेलेले असतात. ती तारीख लिहून ठेवावी, आणि तेथून अठरा-एकोणीस दिवसांनी गाईवर नजर ठेवावी.